एक मिनिट त्रेपन्नाव्या सेकंदाचा खोकला

तो खोकला माझा आहे. हे वाक्य मी जुलै महिन्यात पाच जणांना सांगितलं, त्यांतल्या तिघांना लेखी. कुणीही ‘नाही’ म्हणालं नाही आणि कुणाचाही काही उपयोग झाला नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी करतो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली काही पर्जन्यमापकं माझ्या देखरेखीखाली आहेत. पाऊस किती पडला ते मिलिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत, रोज सकाळी साडेआठला नोंदवलं जातं की नाही हे मी पाहतो. वय बावन्न. डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला घर, घरात बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. आणि मला पंक संगीत आवडतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन गिटार, एक ड्रम, एक ओरडणारा माणूस, आणि दोन मिनिटांच्या आत सगळं संपतं. बोर्डीला शाळेच्या वसतिगृहात होतो तेव्हा एका मोठ्या मुलाने सुट्टीवरून येताना कव्हर नसलेली एक कॅसेट आणली. सिनेमाच्या कॅसेटच्या एका बाजूला पाच गाणी असायची. हिच्या एका बाजूला सोळा निघाली. मी आधी ती मोजली आणि मग ऐकली. शब्द एकही कळला नाही. एवढंच कळलं की हा माणूस कशावर तरी रागावलाय, त्याला त्याची लाज वाटत नाही, आणि सांगायचं ते सांगून झालं की तो थांबतो. आमच्याकडे रागावलेली माणसं थांबत नसत. मला ते फार आवडलं.

पुढची तीस वर्षं मी ही गाणी एकट्यानेच ऐकली. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “अहो, गाणं लावलंय की मिक्सर चालू राहिलाय?” मग तीही सरावली. स्वयंपाकघरात तिचं मापच झालं, दोन गाणी म्हणजे डाळीची एक शिट्टी.

साडेपाच वर्षांपूर्वी मुलीने एक इंटरनेट रेडिओ शोधून दिला. जाहिराती नाहीत, मालक नाही. वेगवेगळ्या गावांतली पंधरा माणसं, ज्याने त्याने आठवड्याचा एक तास सांभाळायचा आणि आपल्याला आवडतं ते लावायचं. मी अर्ज केला आणि मला रविवारी सकाळी अकराचा तास मिळाला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, माईक, आणि खिडकीला गोधडी. तेव्हापासून २८७ रविवार गेले. तीन विजेअभावी चुकले, एक सासूबाईंच्या तेराव्याला. झालेले कार्यक्रम २८३. एका तासात सरासरी तेवीस गाणी, एक गाणं सरासरी एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांचं, म्हणजे गाण्यांची पंचेचाळीस मिनिटं चौदा सेकंद. उरलेली चौदा मिनिटं सेहेचाळीस सेकंद मी बोलायचो. हे गाणं मला कधी मिळालं, यात ड्रम वाजवणारा कुठे चुकतो आणि ती चूक मला का आवडते, असं.

प्रत्येक गाण्याची नोंद तक्त्यात भरायची असा त्या रेडिओचा एकच नियम: नाव, वादक, कालावधी, हक्क कोणाचा. मी ते सेकंदापर्यंत भरायचो. रेडिओचं सगळं जुळवून आणणारी एक बाई आहे, तिशीची असेल. ती एकदा फोनवर म्हणाली, “सर, तुमचा तक्ता बघून बाकीच्यांना लाज वाटते.”

“वाटू दे,” मी म्हणालो.

ऐकणारे एका वेळी चाळीसच्या आसपास. त्यांतला एक वाणगावचा, टायर पंक्चरचं दुकान चालवणारा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. दर रविवारी बारा वाजता त्याचा एका शब्दाचा निरोप यायचा: “जोरात.” फार आवडलं असेल तर दोनदा.

आता तारप्याकडे येतो.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्याशेजारी, शाळेच्या आवारात आमचं एक पर्जन्यमापक आहे. महिन्यातून दोनदा मी ते तपासायला जातो. आवाराला लागून एका म्हाताऱ्याचं घर आहे. तो मला पहिल्यापासून ‘मोजणारा’ म्हणतो. तो तारपा वाजवतो. तारपा म्हणजे सुकवलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गेलो तेव्हा खळ्यावर झोडणी आटोपली होती आणि तो वाजवत होता. मी घड्याळ लावलं. वाजवायचा थांबेपर्यंत त्याने श्वास घेतलेला मला दिसला नाही. नाकाने घेत असणार, पण सूर तुटत नव्हता. त्याची परवानगी घेऊन मी फोनवर रेकॉर्ड केलं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. खळ्यावरच्या धुळीने मला एकदा खोकला आला. मागे एक कोंबडीही आहे.

पुढच्या जूनमध्ये, २२८व्या कार्यक्रमात, मी ‘एका दमात’ असा विषय घेतला. गाणारा श्वास घ्यायला थांबतच नाही अशी गाणी. त्यात एक मिनिट चौतीस सेकंदांच्या आणि दोन मिनिटं दोन सेकंदांच्या दोन पंक गाण्यांच्या मधोमध मी तारपा ठेवला. कुठेही सांधा दिसला नाही. वाणगावहून तीनदा ‘जोरात’ आलं, तेवढं एकदाच.

तक्त्यात ‘हक्क कोणाचा’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी म्हाताऱ्याला आधी विचारलं होतं. सूर कोणाचा? तो म्हणाला, “माझा कसा? आधीपासूनचा.” मी लिहिलं: पारंपरिक. जे खरं ते लिहिलं. ते लिहिलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला आता सांगण्यात येतं.

आमचे जुने कार्यक्रम ज्या मोठ्या संकेतस्थळावर साठवलेले असतात तिथून या जुलैत पत्र आलं. २२८व्या कार्यक्रमात एकतिसाव्या मिनिटापासून दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद दुसऱ्याच्या मालकीचा आवाज आहे. दावेदार: एक कंपनी. मालकी: शंभर टक्के. मी नोकरीच्या सत्तावीस वर्षांत कशापुढेही शंभर टक्के लिहिलेलं नाही. पर्जन्यमापकातही चार थेंब भांड्याला चिकटून राहतात.

मुलीने शोधलं. त्या कंपनीचा एक संग्रह निघाला, ‘गाढ झोपेसाठी जंगलाचे आवाज’ अशा अर्थाच्या नावाचा. वर बर्फातल्या देवदारांचं चित्र. सातव्या क्रमांकाला दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचा एक तुकडा. मी हेडफोन लावले. तारपा होता. तोच होता. एक मिनिट एकेचाळीसला कोंबडी, आणि एक मिनिट त्रेपन्नला खोकला.

“पप्पा,” मुलगी म्हणाली, “तुमचा खोकला बर्फात गेला.”

ती हसली, मला हसू आलं नाही. त्यांनी तो आमच्याच जुन्या कार्यक्रमातून उचलला होता, पारंपरिक म्हणजे बेवारस असं समजून स्वतःच्या नावावर चढवला होता, आणि वर मलाच चोर ठरवलं होतं. शिवाय संकेतस्थळाच्या ज्या आवाज जुळवणाऱ्या यंत्राने मला पकडलं त्याला याचं काहीच नव्हतं. दोन आवाज जुळले, एकावर मालकाचं नाव आहे, एकावर नाही. निकाल लागला. आधी कोणी लावलं, ती तारीख त्याच्याकडे होती, पण ती त्याने पाहिली नाही. तारीख न पाहता नोंद करणारा माणूस आमच्या खात्यात असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी टेबलावर बसू दिलं नसतं.

पत्रात दोन चौकटी होत्या. पहिली: दावा मान्य आहे. ती निवडली तर तेवढा तुकडा पुसला जाणार आणि बाकी सगळं पूर्ववत. दुसरी: दावा अमान्य. ती निवडली तर वाजवणाऱ्याचं सहीचं लेखी निवेदन जोडायचं, की ही रचना माझ्या एकट्याची मूळ निर्मिती आहे. ते नसेल तर खातं बंद. मुदत सात दिवस. आणि खातं एकच होतं, पंधराही जणांचं.

रेडिओवाली बाई म्हणाली, “सर, मान्य करून टाका ना. पावणेतीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“मान्य केलं तर तो त्यांचा ठरतो.”

“ठरू दे हो. आपल्याला माहितीये ना खरं काय ते.”

“माझा खोकला आहे त्यात.”

ती अगदी हळू म्हणाली, “सर, खोकल्यासाठी चौदा जणांचे कार्यक्रम घालवायचे का?”

चौथ्या दिवशी रजा टाकली, स्कूटर काढली, आणि दुसऱ्या चौकटीचा छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तलासरीकडे निघालो.

घरची माणसं शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, गेली होती. म्हातारा ओट्यावर दोर वळत बसला होता, आत सून चुलीपाशी.

“आला मोजणारा,” तो म्हणाला. “काल किती पडला?”

“बेचाळीस पूर्णांक सहा.”

“माझ्या अंगणात जास्त पडला.”

“अंगणात मापक नाही, बाबा.”

“म्हणून काय पडायचा थांबतो?”

मी ओट्यावर टेकलो आणि सगळं सांगितलं. बाबा, तुमचा तारपा चोरला. त्याने मान वळवून आत पाहिलं. तारपा फडक्यात गुंडाळून खुंटीला होता. “हा काय.” मग मी फोन काढला आणि त्या देवदारांच्या संग्रहातला तुकडा लावला.

पाच-सात सेकंद झाले असतील. त्याने दोर खाली टाकला आणि हात वर केला. “बंद कर.”

मी बंद केला.

“भात अजून वीतभर नाही. आता वाजवतात का?”

त्यांच्याकडे नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तारप्याला तोंड लावत नाहीत. मला हे ठाऊक होतं. मी सहा वर्षं तिथे जातोय, पावसाळ्यात एकदाही तारपा ऐकलेला नाही. तरी फोनमधला तारपा हाही तारपाच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“मी नाही वाजवला, बाबा. ते वाजवतात. रोज. जगभर.”

“कोण नाचतं?”

“नाचत नाही कोणी. झोपायला लावतात.”

“काय?”

“झोप यावी म्हणून लावतात.”

त्याने आत हाक मारली. “ऐकलंस गं? तारप्यावर लोक झोपतात!”

“झोपतात?” सून आतूनच म्हणाली. “म्हातारा वाजवायला लागला की इथं कुत्रंसुद्धा झोपत नाही.”

दोघंही हसले. मी कागद काढायला लागलो, तेवढ्यात त्याने विचारलं, “आणि तू कधी लावलास, तुझ्या रेडिओवर?”

खोटं बोलता आलं असतं. “गेल्या वर्षी,” मी म्हणालो. “जूनमध्ये.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “एवढं मोजतोस. महिना नाही मोजलास?”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. चार दिवस मी रागाने पेटलो होतो, त्यांनी काय केलं, कुठल्या सेकंदाला केलं, आणि यातली पहिली चूक माझ्या तक्त्यात बसली होती, माझ्याच हाताने भरलेली, तारखेसकट. त्यांनी तारीख पाहिली नाही म्हणून मी ओरडत होतो. मीही पाहिली नव्हती.

तरी कागद वाचून दाखवला. ही रचना माझ्या एकट्याची मूळ निर्मिती आहे.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “बापाने शिकवला. त्याला त्याच्या मामाने.”

“बाबा, हे त्यांच्या भाषेत आहे. सही केली नाही तर तो सूर त्या कंपनीचा ठरणार.”

“ते पण खोटं.”

“मग?”

“एक खोटं त्यांनी लिहिलं. दुसरं तू माझ्याकडून लिहून घेतोस. बेरीज किती झाली?”

मी कागद परत पिशवीत ठेवला. सुनेने कोरा चहा दिला. निघताना त्याने विचारलं, “तुझा रेडिओ बंद होईल?”

“माझा किंवा सगळ्यांचा.”

“मग मान्य कर की. मामाचा सूर त्यांच्या कागदाने जायचा नाही.” आणि पुन्हा दोर वळायला लागला.

म्हणजे त्याची ना नव्हती. हे लिहिणं मला भाग आहे, नाहीतर मी त्याच्या वतीने लढलो असं वाटेल. परतीच्या वाटेवर, स्कूटरवर, मी एक हिशेब केला. २८३ कार्यक्रम म्हणजे १६,९८० मिनिटं. त्यांतली पावणेतीन म्हणजे साधारण एक टक्क्याचा साठावा भाग. एवढा भाग सोडला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पण चौकटीतलं वाक्य भागाबद्दल नव्हतंच. ‘मी मान्य करतो की’ अशी त्याची सुरुवात होती, आणि शंभर टक्के असा शेवट. पस्तीस वर्षं पंकच्या गाण्यांतून मी हेच ऐकत आलो होतो, की असं वाक्य पुढे केलं तर काय करायचं. इतके दिवस ती नुसती ऐकत होतो.

सहाव्या दिवशी बाईला फोन केला. “मला काढून टाका. माझे सगळे कार्यक्रम पुसा. तो कार्यक्रमच उरला नाही की दावाही उरणार नाही. कुठलीच चौकट भरावी लागणार नाही. संकेतस्थळाचा नियम क्रमांक नऊ: तेवढा एकच कार्यक्रम पुसला तर दावा मान्य धरतात, माणसाचे सगळेच पुसले तर दावा रद्द. मी वाचलाय.”

“सगळे? दोनशे त्र्याऐंशी?”

“हो.”

“सर, हा वेडेपणा आहे.”

“असेल.”

“बाकीच्यांना मी काय सांगू? तुम्ही आम्हाला वाचवलंत, की सोडून गेलात?”

“तक्त्यात ज्याला रकाना असेल ते लिहा,” मी म्हणालो. हे मी तुसडेपणाने बोललो, त्याबद्दल नंतर तिची माफी मागितली. त्या संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सगळं पुसलं गेलं. तिने कळवलं तेव्हा सोबत एवढंच लिहिलं होतं की पुसायला चार मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी अकराला माझ्या तासात रेडिओचा कॉम्प्युटर आपोआप गाणी लावत होता. मी ऐकली. सरासरी चार मिनिटं अकरा सेकंद. बारा वाजता वाणगावहून निरोप आला: “बंद?” मी अकरा ओळींचं उत्तर पाठवलं, मुद्देवार. मग आलं: “जोरात.”

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, “अहो, डाळ चढवलीय. लावा की काहीतरी. शिट्ट्या कशावर मोजू?” मी कॉम्प्युटरचा स्पीकर दारात आणून ठेवला आणि २२८व्या कार्यक्रमाची माझ्याकडची यादी काढली. तारप्याची जागा आली तिथे तो गाळला आणि सरळ पुढचं गाणं लावलं. सांधा दिसला.

तो संग्रह अजून आहे. सकाळी पावसाचे आकडे तपासून झाले की मी तो उघडतो. किती जणांनी ऐकला ते खाली दिसतं. गेल्या सोमवारी आकडा चौदा हजारांच्या वर गेला. चौदा हजार माणसं माझ्या खोकल्यावर झोपली आणि मी एकालाही ओळखत नाही. चाळीस माणसं जागी राहायची, त्यांतल्या अर्ध्यांना मी ओळखायचो. याचा राग कमी झालेला नाही आणि मी तो कमी करण्याच्या प्रयत्नातही नाही.

परवा पुन्हा पर्जन्यमापक तपासायला गेलो. भात पोटरीत आलं आहे, लोंबी अजून बाहेर पडायची आहे. म्हाताऱ्याने रेडिओचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तो “हं” म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “नवं झालं की ये. पण उभं राहून ऐकायचं नाही. नाचायला लागेल.”

“मला येत नाही.”

“कंबरेला धरायचं शेजारच्याला. फोन घरी ठेव.”

मी हो म्हणालो. खळ्यावर धूळ असणार, नाचलो तर खोकला येणारच. तो कितव्या सेकंदाला आला हे या वेळी मला सांगता येणार नाही.